नवखा, शहर आणि सल्ला देणारा

मराठी समीक्षेत एक ठरलेले वाक्य आहे. 'खेड्यातून शहरात आलेल्या माणसाची घुसमट लेखकाने समर्थपणे टिपली आहे.' पुस्तक कोणतेही असो, हे वाक्य त्याला चिकटवता येते. बी.एड.च्या वर्षात पाठ-टाचण काढताना उद्दिष्टांचा रकाना आम्ही असाच डोळे मिटून भरत असू. या वाक्यात पात्रे दोनच आहेत, एक भोळा माणूस आणि एक राक्षसी शहर. पण माणूस थेट शहराला कधी भेटत नाही. तो आधी कुणातरी माणसाला भेटतो. स्टेशनावर न्यायला आलेला गाववाला, दूरचा मामेभाऊ, नाक्यावरचा पानवाला, खोली दाखवणारा एजंट, शेजारची खाला. हा माणूस सांगतो, इकडून जा, तिकडे फिरकू नको, हे बोल, ते बोलू नको. नवख्याला शहर दिसते ते या माणसाच्या बोटाच्या दिशेने. मुंबईविषयीच्या उर्दू आणि मराठी साहित्यात हा सल्ला देणारा कसा आला आहे, ते जरा नीट पाहिले पाहिजे असे मला बरेच दिवस वाटत होते. त्यात आपण, म्हणजे मराठीत लिहिणारे-वाचणारे मुसलमान, कुठे उभे आहोत हा प्रश्नही आलाच.

आधी शब्दांविषयी थोडेसे. 'सल्ला' आणि 'मसलत' हे मराठीतले दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेले. 'सल्लामसलत' असा जोडशब्द करून आपण ते रोज वापरतो आणि त्यांचे माहेर विसरतो. यातल्या 'मसलत'ची गंमत अशी, की मराठीत तिचा अर्थ विचारविनिमय, क्वचित कटही. उर्दूत 'मस्लहत' म्हणजे सोय पाहणे, वेळ-प्रसंग ओळखून खरे ते गिळून टाकणे. उर्दू शायरीत 'मस्लहत' हा शब्द बहुतेक वेळा दूषण म्हणून येतो. शहरातला माणूस नवख्याला जे सांगतो ते मराठी अर्थाने मसलत असते की उर्दू अर्थाने, हे त्या क्षणी कळत नाही. बऱ्याचदा सांगणाऱ्यालाही कळत नाही.

मुंबईत नव्याने आलेल्या माणसावर मंटोइतके चांगले कुणी लिहिले असेल असे मला वाटत नाही, आणि तो स्वतःच नवखा होता. लुधियाना जिल्ह्यातल्या समराळ्यात 1912 साली जन्मलेला, अमृतसर-लाहोर पाहिलेला हा माणूस 1936 मध्ये मुंबईत एका उर्दू साप्ताहिकाचा संपादक म्हणून आला. मधला दिल्ली रेडिओचा काळ सोडला तर जानेवारी 1948 पर्यंत तो इथे राहिला. त्याची 'मम्मद भाई' ही कथा आपल्याकडे 'दिलदार गुंडाची कथा' म्हणून वाचली जाते. तशी ती आहेही. पण तिची सुरुवात पाहा. फोरास रोडवरून अमुक गल्लीत शिरा, टोकाला गेलात की तुम्हाला तमुक दिसेल, असे मंटो वाचकाला वाट दाखवत सुरू करतो. पाकिस्तानात गेल्यावर, वीसेक वर्षांपूर्वीच्या आठवणीतून लिहिलेली ही कथा. ज्याला कधीकाळी या गल्ल्या कुणीतरी बोट धरून दाखवल्या असतील, तो आता त्या शहरात नसताना दुसऱ्याला तिथला रस्ता समजावून सांगतो आहे. मंटोच्या निवेदनशैलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ही साधी गोष्ट मात्र मी कुठे वाचलेली नाही.

कथेतला निवेदक अरब गल्लीत एकटा राहतो. त्याला मलेरिया होतो, पाणी द्यायलाही जवळ कुणी नाही. अशा वेळी मम्मद भाई डॉक्टरला घेऊन खोलीत शिरतो. त्याला 'मंटो' हे नाव उच्चारता येत नाही, तो 'विम्टो' म्हणतो. विम्टो हे त्या काळच्या एका सरबताचे नाव! डॉक्टरला दम भरतो, फी द्यायचा प्रश्नच येत नाही. नवख्याला शहराने दिलेली ही पहिली मदत, आणि तिच्याबरोबर एक नवे नावही दिले गेले. ते नाव चुकीचे आहे, पण त्यात माया आहे. यात अपमान आहे की आपलेपणा, हे मंटो सांगत बसत नाही.

आता दुसरी गोष्ट. हा मम्मद भाई, जो त्या मोहल्ल्याचा मालक आहे, ज्याला गल्लीतल्या प्रत्येक घरात कोण आजारी आहे याची खबर असते, तो मूळचा मुंबईचा नाहीच. तो रामपूरचा. नवख्याला आधार देणारा 'इथला' माणूस कालचा नवखाच आहे, हे मंटोने एका वाक्यात सांगून टाकले आहे आणि वाचक मिशांच्या वर्णनात गुंग असल्यामुळे ते निसटते. कथेचा शेवट तर सल्ल्यानेच घडतो. एका म्हातारीच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्याचा मम्मद भाई खून करतो. खटला उभा राहतो. खुनाची त्याला फिकीर नाही, पण कोर्टाची पायरी चढायची त्याला धास्ती आहे. अशा वेळी हितचिंतकांकडून सल्ला येतो, या टोकदार मिशा पाहून मॅजिस्ट्रेट आधीच बिचकेल, तेव्हा मिशा काढून टाक. ज्याच्या शब्दावर गल्ली चालते तो हा सल्ला ऐकतो. मिशा जातात. शिक्षा व्हायची ती होतेच, तो तडीपार होतो. आणि त्याला रडू येते ते मुंबई सुटल्याचे नाही, मिशांचे.

या शेवटाला विनोदी म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. जन्मभर इतरांना सल्ला देणाऱ्याला सरकारच्या दारात उभे राहताना दुसऱ्याचा सल्ला घ्यावा लागतो, आणि तो सल्ला असा की तू जसा दिसतोस तसा दिसू नकोस. हे आजच्या वाचकाला, निदान आपल्या अंकाच्या वाचकाला, समजावून सांगायची गरज नसावी. मुलाखतीला जाताना दाढी थोडी कमी कर, भाड्याची खोली पाहायला जाताना अम्मीला बुरख्यात नेऊ नको, असे सल्ले आपल्या घराघरांत दिले जातात, आणि देणारे आपलेच असतात. मिशा काढूनही निकाल तोच लागतो, हे मंटोने तेव्हाच लिहून ठेवले आहे.

'बाबू गोपीनाथ' ही याच विषयाची दुसरी बाजू. लाहोरहून पैसेवाला बाबू गोपीनाथ जीनतला आणि खुशमस्कऱ्यांच्या टोळीला घेऊन मुंबईत येतो. मुंबईचा माहीतगार म्हणून अब्दुर रहीम सॅंडो त्याच्या दिमतीला आहे, तोंडाला येईल ते शब्द बनवून फेकणारा. प्रत्येक जण गोपीनाथला काहीतरी सुचवत असतो आणि त्याच्या खिशातून नोटा जात असतात. कथेत एके ठिकाणी तो निवेदकाला सांगतो, की त्याने आजवर कुणाचाच सल्ला नाकारलेला नाही. कुणी काही सांगितले की तो 'सुब्हानल्लाह' म्हणतो. समोरचा आपल्याला मूर्ख समजतो हे त्याला ठाऊक असते, उलट आपल्यातला मूर्खपणा ओळखण्याइतकी अक्कल त्याला आहे, याचे श्रेय तो त्याला देतो. नवखा म्हणजे भोळा, हे समीकरण मंटो इथे उलटे करतो. गोपीनाथला सगळे कळते. त्याला या शहरात एकच काम करायचे आहे, जीनतचे कुठेतरी नीट व्हावे, आणि त्यासाठी तो शहराची फी भरतो आहे. शेवटी जीनतचे लग्न लागते, फुलांनी सजवलेली खोली पाहून निवेदकाला हसू फुटते आणि गोपीनाथ दुखावला जातो. मुंबईत मुरलेला, सगळे ओळखणारा निवेदक नेमका त्या क्षणी आंधळा ठरतो. माहीतगाराची ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. त्याला शहर कळते, पण शहरात आलेला माणूस कशासाठी आला आहे, ते कळेलच असे नाही.

सिनेमाचा उल्लेख साहित्याच्या चर्चेत काहींना आवडत नाही. पण ज्यांच्या लेखणीतून हे सिनेमे आले ते लेखकच होते. 'श्री 420' (1955) ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिला. अब्बास स्वतः पानिपतचे. अलाहाबादहून आलेल्या राजला मुंबईत पहिला सल्ला देतो तो एक भिकारी. शहराचा कायदा काय, इथे सच्चेपणाचा भाव काय, हे तो ऐकवतो. केळेवाली मात्र त्याला सल्ला देत नाही, ती भाव कमी करते. ललिता पवारांनी ही केळेवाली केली आहे. सल्ला आणि मदत यांतला फरक इतक्या थोडक्यात क्वचितच दाखवला गेला असेल.

मुजफ्फर अली यांचा 'गमन' (1978) मला यापेक्षा खोल वाटतो. गुलाम हसनला अवधच्या गावातून मुंबईत बोलावतो त्याचा गावचा दोस्त लल्लूलाल तिवारी. टॅक्सीचे काम तोच दाखवतो, राहायची जागाही त्याच्याच आधाराने. पण या सल्लागाराला स्वतःला घर नाही. घर नाही म्हणून लग्न रखडले आहे, ज्या झोपडीच्या भरवशावर तो दुसऱ्याला बोलावतो तिचीही शाश्वती नाही, आणि सिनेमा संपायच्या आत तो मारला जातो. मग गुलाम हसनला कोण सांगणार, की आता परत जा? तो स्टेशनापर्यंत येतो आणि जाऊ शकत नाही. गावात खैरून वाट पाहत राहते. तिला मुंबई कशी आहे हे कुणीच सांगत नाही, कारण तिला मुंबईला आणायचेच नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेले आहे. नवख्याच्या कथा बहुतेक पुरुषांच्या असतात, याचे कारण इथे सापडते. बाईला शहराविषयी एकच सल्ला मिळे, जाऊ नको.

मराठीत वळू या. मराठीत मुंबईला येणाऱ्याची वाट पक्की बांधलेली होती. गिरणगावात एकेका गावच्या सामायिक खोल्या होत्या, खाणावळी होत्या. गोव्याच्या माणसांचे 'कुड' होते, गावागावाचे वेगळे. नवा आलेला पोरगा ट्रंक घेऊन थेट तिथे उतरे. सल्ला देणारा एक माणूस नव्हे, अख्खी खोलीच असे. कदाचित यामुळेच मराठी गिरणगाव-साहित्यात नवख्याची भीती कमी आणि गर्दीची चीड जास्त आहे. ज्यांना अशी खोली नव्हती त्यांच्याविषयी जयवंत दळवींनी 'चक्र' (1963) लिहिली. झोपडपट्टीतल्या बेन्वाला जगायचे कसे हे शिकवतो लुका. बेन्वाला लुका म्हणजे हिरो. रुबाब, दारू, बाई, पोलिसाला चुकवणे, या सगळ्यांत तो गुरू. दळवींनी लुकाला झिजताना, किडताना दाखवले आहे, आणि तरी बेन्वाच्या डोळ्यांतली चमक विझू दिलेली नाही. सल्ला देणाऱ्याचे काय झाले हे समोर दिसत असतानाही सल्ला पाळला जातो, ही या कादंबरीची खरी भीषणता. 1981 साली यावर सिनेमा आला तेव्हा स्मिता पाटीलची अम्मा सगळ्यांच्या लक्षात राहिली. लुका आणि बेन्वा यांचे नाते मात्र चर्चेत मागेच पडले.

त्याच वर्षी, 1963 मध्ये, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. शीर्षककथेतला तरुण मुंबईहून परगावी रेल्वेच्या नोकरीवर जातो. राहायला जागा हवी, आणि जागेआधी प्रश्न येतो जातीचा. तो मुंबईचा असल्याचे सांगतो, जणू मुंबई ही जात नसलेल्यांची जात आहे. शिकलेला, कविता करणारा हा तरुण कुणाच्या घरी जेवतो, कुणाच्या स्नेहाचा धनी होतो, आणि खरे उघड होताच मार खातो. त्याला सोडवायला धावतो तो काशिनाथ, ज्याने आपली जात कधी लपवलीच नव्हती. एकाच जागी आलेले दोन नवखे, एकाने शहाणपण पत्करले, दुसऱ्याने नाही. उर्दूत सांगायचे तर एकाने मस्लहत पाहिली. बागुल त्या शहाण्याला दोष देत नाहीत. मार कुणी मारला हे त्यांना पक्के माहीत आहे.

मग मुसलमान कुठे आहे? मराठी शहरी साहित्यात मुसलमान दिसतो तो बहुधा खाटीक, भाई, वसुलीचा पठाण, फार तर बिर्याणी देणारा शेजारी म्हणून. ज्याला वाट विचारावी, ज्याच्याकडून शहर शिकावे, असा मुसलमान मराठीत शोधू गेले तर हाती पहिल्यांदा लागतात नारायण सुर्वे. त्यांच्या 'माझे विद्यापीठ'मध्ये याकूब नालबंदवाला आहे, आफ्रिकी चाचा आहे. फूटपाथवर वाढलेल्या मुलाचे हे प्राध्यापक. याकूब दंगलीत मरतो आणि कवीच्या शिक्षणातला तोही एक धडा होतो. सुर्व्यांनी त्याला 'मुस्लिम पात्र' म्हणून आणलेले नाही, ज्याच्याकडून काही शिकलो तो माणूस म्हणून आणले आहे. मराठी-मुस्लिम ऐक्यावरच्या दहा भाषणांपेक्षा मला ही ओळख मोठी वाटते.

आणि नामदेव ढसाळ. पुण्याजवळच्या पूर गावातून लहानपणी मुंबईत आलेले ढसाळ मंटोच्या अरब गल्लीच्याच परिसरात, ढोर चाळीत वाढले. 'गोलपिठा' 1972 मध्ये आला तेव्हा त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. तेंडुलकरांनी त्या कवितांतल्या शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारून घेतले, त्यांच्याबरोबर त्या वस्तीत फिरून आले, आणि हे सारे प्रस्तावनेत मोकळेपणाने लिहिले. मुंबईवर आयुष्य घालवलेला नाटककार आपल्याच शहरात परका होऊन एका तरुण टॅक्सीवाल्या कवीकडून वाट विचारतो. 'इथला' कोण आणि 'बाहेरचा' कोण, हा हिशेब त्या काही पानांत उलटापालटा झाला. मराठी समीक्षेने त्या प्रस्तावनेतला धक्का तेवढा लक्षात ठेवला. त्यातले विचारणे लक्षात ठेवले असते तर बरे झाले असते.

आता आपल्याविषयी. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींनंतर मुंबईत येणाऱ्या मुसलमानाला मिळणारा पहिला सल्ला बदलला. त्याआधी तो 'काम कुठे मिळेल' असा असे. नंतर तो 'कुठे राहायचे' असा झाला, आणि उत्तर एकच, आपल्यात राहा. भीतीने घरे सोडून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी मुंब्रा गाठले, गाव होते ते शहर झाले. मी परभणीहून नोकरीला आले तेव्हा शाळेत हजेरीपत्रकावर सही करायच्या आधी तीन जणींनी मला मुंब्र्यात कोणत्या बाजूला पाणी येते ते सांगितले होते. दुसरीकडे एक एजंट फोनवर गोड बोलला, नाव ऐकल्यावर 'मालक बाहेरगावी गेलेत' म्हणाला. या दोन सल्ल्यांत मला फरक दिसतो आणि साम्यही. पहिला मायेने दिलेला, दुसरा तोंड चुकवून. दोघांचे बोट मात्र एकाच दिशेला. 'आपल्यात राहा' या सल्ल्याला मी वाईट म्हणणार नाही, तो ऐकून मी राहते आहे आणि सुखात आहे. पण ज्या वाक्याने तीसेक वर्षांत लाखो माणसांचे पत्ते ठरले, ज्याने मुलांच्या शाळा, दोस्त, बोली ठरवली, त्या वाक्यावर मराठीत एक मोठी कादंबरी नसावी, याचे मला नवल वाटते. मुस्लिम मराठी साहित्याची संमेलने 1990 पासून होत आहेत. व्यासपीठावर आपण अस्मितेवर बोललो, तलाकवर बोललो, दंगलीवर पुष्कळ बोललो. दंगलीनंतर सामान टेम्पोत भरताना शेजाऱ्याने काय सांगितले आणि नव्या इमारतीच्या जिन्यात पहिल्या दिवशी कुणी काय सांगितले, हे कथेत फारसे आले नाही. जे आले ते बहुतेक निषेधाच्या सुरात, आणि निषेधाच्या सुरात माणसे नीट दिसत नाहीत.

उर्दूकडे पाहिले तर सलाम बिन रज्जाक आठवतात. पनवेलचे, मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिक्षक, 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार, 2024 मध्ये गेले. मराठीतून उर्दूत त्यांनी अनुवादही केले. त्यांच्या कथांतला माणूस मुंबईत मुरलेला आहे, नवखा नाही, आणि तरीही तो रोज नव्याने घाबरतो. सल्ला विचारायचा तर कुणाला, असा त्याचा प्रश्न आहे. हे आपल्या मराठीत यायला हवे. आपल्यातले कितीतरी शिक्षक दोन्ही भाषा जाणतात, मग हे काम कोण करणार? मराठीतला हमीद दलवाईंचा 'इंधन' (1965) मला इथे उलट्या बाजूने उपयोगी वाटतो. त्यात मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक आहे. शहर शिकून आलेला माणूस गावाला शहाणपण सांगू पाहतो, आणि गाव त्याच्या डोळ्यांदेखत पेटते. दलवाईंच्या विचारांशी कुणाचे कितीही वाद असोत, सल्ला निष्फळ होताना पाहणाऱ्या माणसाचे एकाकीपण त्यांनी ज्या संयमाने लिहिले, तो संयम आपल्या आजच्या कथेत मला कमी दिसतो.

भाषेचा सल्ला हा आणखी एक प्रकार. परभणीची आमची घरची बोली दखनी. 'हौ', 'नक्को', 'काय कू'. स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ बाईंनी, अगदी प्रेमाने, सांगितले की वर्गात 'नक्को' म्हणू नका, मुलांची उर्दू बिघडते. 'नक्को' तर मराठीशी आमचे नाते सांगणारा शब्द! लखनौच्या वजनाने बोलणे म्हणजे शुद्ध आणि मराठीच्या शेजारी वाढलेले म्हणजे बिघडलेले, हा समज मुंबईच्या उर्दू वर्तुळात खोल आहे. मंटोच्या मम्मद भाईने 'विम्टो' म्हटले तेव्हा मंटोने ते दुरुस्त केले नाही, कथेत तसेच ठेवले. आपल्या दखनी बोलणाऱ्या माणसांच्या मराठी कथांत संवाद मात्र एकतर पुस्तकी मराठीत येतात नाहीतर हिंदी सिनेमातल्या मुसलमानाच्या उर्दूत. घरातली खरी बोली लाजून मागे उभी असते. लेखकाला असा सल्ला कुणी दिला असेल, की त्याने तो न विचारताच मानला असेल?

नववीच्या वर्गात मी एकदा पत्रलेखनाला विषय दिला होता, गावाहून मुंबईत येणाऱ्या चुलतभावाला पत्र लिहा. वर्गात गोंडा, बस्ती, आझमगड, दरभंगा इथून आलेल्या घरांतली मुले, थोडी मराठवाड्यातली, थोडी कोकणातली. 'प्रिय बंधू, मुंबई हे स्वप्नांचे शहर आहे' अशी पत्रे येतील असे वाटले होते. तशी दोन-चार आलीही, पाठ केलेली. बाकीच्यांनी कामाचे लिहिले. ठाणे गेले की दाराकडे सरकायला लाग. पावसात रस्त्याच्या मधोमध चाल, कडेला गटाराचे झाकण नसते. पहिला पगार हातात आल्यावर गावाकडे खरा आकडा सांगू नको. कुणी राहतोस कुठे विचारले तर आधी त्याचे नाव ऐकून घे. चौदा-पंधरा वर्षांची मुले, बहुतेक इथेच जन्मलेली, आणि मम्मद भाईच्या गादीवर बसल्यासारखी लिहीत होती. त्या साऱ्या पत्रांत 'येऊ नकोस' असे एकानेही लिहिले नव्हते. एका मुलीने चुलतभावाऐवजी चुलतबहिणीला लिहिले होते. विषयात तसे नव्हते, पण मी गुण कापले नाहीत. तिने स्टेशनवर उतरल्यापासून कोणत्या पुलाने यायचे, कोणत्या जिन्याने यायचे नाही, कोणत्या रंगाचा दिवा लागलेल्या दुकानाशी वळायचे, असे सगळे बारकाईने लिहिले आणि पत्ता मात्र कोरा सोडला. खाली लिहिले होते, निघण्याआधी फोन कर, आमचे अकरा महिने पुढच्या महिन्यात संपतात.

ही पत्रे उर्दूत आहेत. मी ती जपून ठेवली आहेत.